क्सायबाई

माझ्या मावशीनं आयुष्यात कधी झुरळसुद्धा मारलं नाही. न्हाणीघरात दिसलंच, तर दार उघडून ती बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, "जा बाबा, तुझं तू जा." अशा बाईला शोधत एक दिवस एक विद्यार्थी आमच्या गल्लीत आला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारू लागला, "इथं कसाईबाई कुठं बसतात?"

दुकानदारानं त्याला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मटणाच्या दुकानात पाठवलं. तिथला मालक म्हणाला, "कसाई मी. बाई वर घरात आहे, पण ती सुरीला हात लावत नाही. तुला काय पाहिजे?"

"प्रबंधात क्साय घालून पाहिजेत," विद्यार्थी म्हणाला.

मालकानं हातातली सुरी खाली ठेवली आणि त्याला नीट न्याहाळलं. मग शेजारच्या न्हाव्याला हाक मारली. न्हाव्यानं सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसला आणि त्या पोराला मावशीच्या दारात आणून सोडलं. "घ्या," म्हणाला, "तुमचं गिऱ्हाईक बकऱ्यांच्या रांगेत उभं होतं."

त्या दिवसापासून गल्लीत मावशीचं नाव जे पडलं ते पडलंच. विद्यार्थी म्हणायचे क्सायबाई, गल्ली म्हणायची कसाईबाई. मावशी दोन्हीला 'ओ' द्यायची.

ती टंकलेखक होती. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर जी गल्ली आहे, तिथं झेरॉक्सवाले, पेनवाले आणि चहावाले यांच्या मधोमध दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मावशीचा टाइपरायटर, आणि आतल्या खोलीत काकांचं बुकबाइंडिंग. काका म्हणजे मावशीचे यजमान. आत लाकडी दाबयंत्र, खळीचं भांडं, जाड दोरा आणि पुठ्ठे कापायची भली मोठी कात्री. प्रबंध पुढच्या दारानं कागदांचा गठ्ठा म्हणून आत यायचा आणि मागच्या दारानं पाठीवर सोनेरी अक्षरं घेऊन बाहेर पडायचा. मधल्या उंबऱ्यावर दोघांची दिवसभर बाचाबाची चालायची. काका म्हणायचे, "अगं, समास सोड. मी शिवणार कुठं?" मावशी म्हणायची, "अहो, समासच सोडत बसले तर लिहू कुठं?"

टाइपरायटरवर सगळी अक्षरं होती, पण गणितवाल्यांना आणि शास्त्रवाल्यांना लागणारी ग्रीक अक्षरं नव्हती. म्हणून मावशी टाइप करताना तिथं मोकळी जागा सोडायची आणि पान झालं की टाक घेऊन काळ्या शाईनं ते अक्षर हातानं काढायची. मुख्य प्रतीवर काढायचं आणि मग कार्बनच्या प्रत्येक प्रतीवरही. शाई वाळेपर्यंत पानं खिडकीतल्या दोरीवर चिमट्यानं टांगलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, मावशी कागद धुऊन वाळत घालते.

त्या अक्षरांची नावं तिला ठाऊक नव्हती. तिनं आपली नावं ठेवली होती. मधे आडवी रेघ असलेला गोल म्हणजे 'बटण'. तीन टोकांचा तो 'काटा'. एक पाय मागे टाकून उभा तो 'आळसट'. आणि सगळ्यांत वैतागाचं जे, ξ, म्हणजेच तो क्साय, त्याला ती म्हणायची 'गुंतवळ', म्हणजे फणीत अडकलेल्या केसांचा गुंता. सुरुवातीला ती ते आपल्या 'इ'सारखं काढायची, डोक्यावरची रेघ तेवढी खाऊन टाकायची. कोणी तक्रार केली नाही. प्राध्यापकांचे फळ्यावरचे ξ पाहिले तर त्यांच्यापेक्षा मावशीची 'इ' पुष्कळ बरी होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो पुलाचा प्रबंध आला.

प्रबंधाचा मालक इतका उंच होता की दारातून येताना त्याला मान तिरकी करावी लागायची. पुलावरून गाडी गेली की पूल किती थरथरतो, यावर त्यानं काही वर्षं घालवली होती. अक्षर मात्र असं, की मुंगीला शाईत बुडवून सोडली असती तरी जास्त स्वच्छ उमटलं असतं. मावशीनं ते सगळं लावून, टाइप करून, रिकाम्या जागा भरून काकांकडे सोपवलं. काकांनी सुंदर निळ्या कापडात बांधलं. उंच मुलगा खुशीत घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला, तोंड उतरवून.

"बाई, घात झाला," तो म्हणाला. "यात दोन वेगवेगळी अक्षरं होती. तुम्ही दोन्ही एकच केलीत."

मावशीनं चष्मा पुसला. त्याच्या हस्तलिखिताचं पान घेतलं. "ही दोन अक्षरं आहेत?"

"हो. हा झीटा, हा क्साय."

"मला दोन्हीकडे गांडूळच दिसतंय."

"झीटाला एक वळण कमी असतं, बाई!"

"मग तू ते कमी काढायचं होतंस की रे!"

"तुम्ही विचारायचं होतंत की!"

काका आतून कात्रीसकट बाहेर आले. भांडण वाढणार असं वाटत होतं, तेवढ्यात तो मुलगा स्टुलावर मटकन बसला आणि म्हणाला, "माझ्या सरांनी पान उघडलं. त्यांनी विचारलं, गाडी गेल्यावर पूल शांत केव्हा होतो? प्रबंधात उत्तर निघालं, मध्यभागी."

मग काका हसायला लागले, मग मावशी, आणि शेवटी तो मुलगाही. हसून झाल्यावर मावशीनं विचारलं, "पण असं उत्तर का निघालं? मला समजेल असं सांग."

त्यानं टेबलावरची पट्टी उचलून दोन पुस्तकांवर आडवी ठेवली. "हा पूल. क्साय सांगतो, तुम्ही पुलावर कुठं उभ्या आहात. या टोकाला शून्य, त्या टोकाला एक, मधे असाल तर अर्धा." मग त्यानं पट्टीला टिचकी मारली. "आणि ही थरथर किती चटकन विरते, ते झीटा सांगतो."

मावशी पट्टीकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिनं हजारो गुंतवळी काढल्या होत्या, पण ती गुंतवळ कुठंतरी उभी असते, तिला काही सांगायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

काकांनी स्वतःच्या हातानं बांधलेला निळा प्रबंध उसवला. असं करताना बाइंडरला काय वाटतं ते बाइंडरलाच ठाऊक. त्यांनी दोरा कापला आणि पानं मोकळी केली. उंच मुलगा एकेका चिन्हावर पेन्सिलीची टिंबं देत गेला. मावशी ब्लेडच्या कोपऱ्यानं जुनी शाई अलगद खरवडायची, चमच्याच्या पाठीनं कागद घोटायची आणि मग नवं अक्षर काढायची. पातळ कार्बन प्रतींना भोकं पडली, ती पानं पुन्हा टाइप केली. काम पुरं व्हायला आठवडा गेला. मुलाची प्रबंध देण्याची मुदत त्याच्या सरांनी रदबदली करून वाढवून घेतली, म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण मावशीच्या मनातून ते जाईना. जेवताना ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मी ज्यांना घरात घेते, त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत."

"नावं विचारून कुणाला मुलगी द्यायची आहे का?" काका म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी तेच तिला वरच्या मजल्यावर घेऊन गेले.

वर एक निवृत्त ग्रंथपालबाई राहायच्या. तरुणपणी त्या जुन्या भाषा शिकल्या होत्या आणि आता ते ऐकायला घरात एक मांजर तेवढं होतं. मावशीनं प्रश्न विचारला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मांजरानं अंग चोरून घेतलं.

"क्साय कुठून आला म्हणतेस? बैस." त्यांनी पाटी पुढं ओढली. आधी एक उभी रेघ काढली आणि तिच्यावर तीन आडव्या. "हे मूळचं फिनिशियन लोकांचं अक्षर. समुद्रावरचे व्यापारी ते. अक्षराचं नाव सामेख. म्हणजे काय, यावर विद्वानांचं एकमत नाही. बरेच म्हणतात आधार, टेकू. कोणी म्हणतात मासा."

"मला टेकू पटतो," मावशी म्हणाली. "खांबाला फळ्या ठोकल्यासारखं दिसतंय."

"ग्रीकांनी ही अक्षरं उचलली. 'स'साठी त्यांनी दुसरंच अक्षर धरलं, मग हे 'क्स'साठी वापरलं. सगळ्या गावांनी नाही हं. काही गावं 'क्स'साठी फुलीचं चिन्ह वापरायची. ती फुली पुढं रोमन लोकांकडे गेली, तोच आपला एक्स. अथेन्सनं मात्र पुढं हे तीन रेघांचं घेतलं. मोठं अक्षर अजूनही तसंच आहे." त्यांनी उभी रेघ पुसली. पाटीवर उरलं Ξ. "आणि आकड्यासारखं वापरलं, तर साठ."

"मग त्याची गुंतवळ कशी झाली?"

"घाईनं. तीन रेघा हात न उचलता काढून बघ."

मावशीनं खडू घेतला. वरची रेघ काढली, हात न उचलता मागे वळवून मधली, पुन्हा वळवून खालची, आणि शेवटी एक शेपटी. पाटीवर ξ उभा होता. तिनं परत काढला. मग परत. "अगं बाई," ती म्हणाली, "ह्या तर नुसत्या तीन रेघा आहेत. घाईत एकमेकींचा हात धरलेल्या."

त्यानंतर ती बऱ्याच दुपारी वर जात राहिली. खिडकीशेजारच्या भिंतीवर एक मोठा कागद लागला, त्यावर सगळी चोवीस अक्षरं नावांसकट. हस्तलिखित घेताना ती प्रत्येक विद्यार्थ्याला बसवून घ्यायची. "हा कोण? हा काय काम करतो?" पोरं आधी चकायची, मग हौसेनं सांगायची. रसायनवाली मुलगी म्हणाली, दोन द्रव्यांची क्रिया किती पुढं गेली ते क्साय दाखवतो. पदार्थविज्ञानवाला म्हणाला, मोठा क्साय म्हणजे एक कण, जन्मतो आणि लगेच फुटतो. गणिताचे एक प्राध्यापक स्वतःच आले होते. ते म्हणाले, "आमच्याकडे एक प्रमेय आहे, बाई. वळणाच्या रस्त्यावर दोन टोकांच्या मधे कुठंतरी असा एक बिंदू असतोच, जिथला चढ संपूर्ण रस्त्याच्या सरासरी चढाइतका असतो. त्या बिंदूला आम्ही क्साय म्हणतो. असतो हे नक्की. कुठं ते प्रमेय सांगत नाही."

"आमच्या ह्यांच्यासारखं," मावशी म्हणाली. "दुकान आणि चहाची टपरी यांच्या मधे कुठंतरी असतात. नक्की."

प्राध्यापकांनी हे वर्गात सांगितलं असावं, कारण पुढं कित्येक दिवस नवी पोरं काकांकडे बघून विनाकारण हसायची.

तिचा ξ नावाजला. वरची रेघ किंचित आखूड, मधली त्याहून आखूड, खालची भरदार आणि शेपटी आत्ताच पाणी पिऊन निघालेल्या चिमणीसारखी. टाइप दुसरीकडे करून घेणारी पोरंही क्साय भरायला तिच्याकडे यायची. काका साठ वर्षांचे झाले त्या दिवशी तिनं दाबयंत्राच्या लाकडावर पांढऱ्या रंगानं एक ξ काढला. काकांनी विचारलं, "हे काय माझ्या यंत्रावर?" ती म्हणाली, "तुमचं वय." काका रुसले. पण पुसला नाही त्यांनी.

मग संगणक आले. एकाएकी नाही. आधी झेरॉक्सवाल्याकडे एक आला, मग विद्यापीठात खोलीभर आले. पोरं कळ दाबून ग्रीक अक्षरं काढायला लागली. मावशीच्या खिडकीतल्या दोरीवर हळूहळू रुमाल आणि मोजे वाळायला लागले. मी एकदा तिला विचारलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, "वाटतं. पण त्यांचा क्साय बघितलास का तू? चांगला असतो गं. फक्त सगळे सारखे." आणि टाइपरायटरवर तिनं विणलेलं झाकण घातलं.

काकांचं काम मात्र चालू होतं. छापलं कुठंही, तरी बांधायला लागतंच. एका सकाळी ते सुईत दोरा ओवत होते आणि सुई बोटांतून सुटली. वाकून उचलायला गेले तर हात त्यांचं ऐकेना. हाक मारली ती बोबडी. मावशी उठली, न्हाव्याला ओरडून बोलावलं, आणि दोघांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं.

जिवावरचं हातावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं परतलं, पायही परतला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. व्यायाम शिकवणारी एक तरुण बाई होती. तिनं त्यांना रबरी चेंडू दिला, मणी ओवायला दिले, कागदावर रेघा मारायला सांगितल्या. काका भिंतीकडे तोंड करून बसायचे. "मला बालवाडीत घातलंय," म्हणायचे. चाळीस वर्षं विद्यापीठाचं ज्ञान ज्या हातानं शिवलं, त्या हाताला आता मणी ओवायचे होते. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मावशीनं मणी उचलून ठेवले. वरच्या ग्रंथपालबाईंकडून पाटी आणली, खडू आणला आणि काकांच्या मांडीवर ठेवला.

"तीन रेघा मारा."

"कशाला?"

"मोठा क्साय होतो."

"तुझा कसाई आता माझ्या मानेवर बसणार आहे का?"

"हो. मारा."

त्यांनी मारल्या. तीन रेघा तीन दिशांना गेल्या. दुसऱ्या दिवशी तिनं त्या जोडायला सांगितल्या. काकांनी जोर लावला, खडू तुटला, आणि त्यांनी पाटी भिंतीकडे भिरकावली. पाटी पलंगावर पडली. काका रडत होते. मी दारात उभी होते, काय करावं ते कळत नव्हतं.

मावशीनं पाटी उचलली, पदरानं पुसली, खडू आपल्या डाव्या हातात घेतला आणि डाव्या हातानं ξ काढला. आयुष्यात इतका भयंकर ξ तिनं काढला नसेल. गुंतवळसुद्धा त्याच्यापुढं नीटनेटकी दिसली असती. ती पाटी तिनं काकांसमोर धरली.

"हे काय आहे?" काकांनी नाक ओढत विचारलं.

"माझा. डाव्याचा."

"माझा ह्याच्यापेक्षा बरा येईल."

"येऊ दे की. कोणी अडवलंय?"

मग ती दोघांची स्पर्धाच झाली. रोज सकाळी चहा झाला की दोन पाट्या निघायच्या. तिचा डावा हात, त्यांचा उजवा. निकाल द्यायचं काम माझ्याकडे, नाहीतर न्हाव्याकडे. न्हावी लबाड, तो ज्याच्या हातून चहा मिळेल त्याच्या बाजूनं निकाल द्यायचा, आणि चहा करायची मावशी. काका खवळायचे, "मॅच फिक्स आहे ही!" पण खडू सोडायचे नाहीत. हात आधी खांद्यातून हलायचा, मग कोपरातून, मग एका सकाळी मनगट आपणहून वळलं. वरची रेघ, मागे, मधली, मागे, खालची, शेपटी. पाटीवर ξ. थरथरता, पण ξ.

काकांनी पाटी तिच्याकडे फिरवली. मला वाटलं आता ती डोळे पुसेल. ती चष्मा लावून जवळ गेली आणि म्हणाली, "वरची रेघ जरा लांब झाली."

"तुझ्या डाव्याची तर बघ आधी!" काका गरजले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोलले असतील. मावशी हसत खाली बसली. मग डोळेही पुसले तिनं, पण ते हसून हसून, असं तिचं म्हणणं.

पुढं काका परत शिवायला लागले. गाठ मारायची वेळ आली की पुस्तक मावशीकडे सरकवायचे, आणि ती आपल्या उजव्या हातानं गाठ मारून परत द्यायची. समासावरून भांडायला आता तिच्याकडे टाइपचं काम उरलं नव्हतं, म्हणून ती दोऱ्यावरून भांडायची.

व्यायामवाल्या बाईनं हे सगळं पाहिलं होतं. तिनं मावशीला विचारलं, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात याल का? मावशी गेली. लांबट खोली, एका भिंतीला आरसा, खिडकीशी बाकं, आणि बाकांवर आपापला हात मांडीवर घेऊन बसलेली माणसं. चेंडू दाबून कंटाळलेली. मावशीनं त्यांच्यात पाट्या वाटल्या. एका निवृत्त ड्रायव्हरनं ओळखीचा म्हणून अल्फा धरला. एका शिक्षकांना काटा आवडला.

मी एकदा तिला न्यायला गेले होते. कोपऱ्यात एक शिंपीणबाई होत्या, पाटीवर ओणवलेल्या. कोणाशी बोलत नाहीत, असं मला आधीच सांगितलं होतं. त्यांनी ξ पुरा केला, खडू खाली ठेवला, दुखरी बोटं दुसऱ्या हातानं चोळली आणि मान वर न करता विचारलं, "ह्याच्या पुढचं अक्षर कोणतं?"

"ओमिक्रॉन," मावशी म्हणाली.

"ते कसं काढायचं?"

"नुसता गोल."

शिंपीणबाईंनी मावशीकडे रागानं बघितलं. "मग ते आधी का नाही शिकवलंत?" त्या म्हणाल्या, आणि खडू उचलला.